मागचे चाक

जुनी मोटारसायकल दुरुस्त करायला निघालेला माणूस मला दुरूनही ओळखता येतो. त्याच्या एका हातात पॉलिशचा डबा असतो आणि दुसऱ्या हातात स्पार्क प्लग. टाकी चकाकली आणि इंजिन एकदा बोलले की गाडी जिवंत झाली, असे त्याचे पक्के मत असते. घरची माणसे अंगणात येतात, शेजारी जमतात, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो, आणि स्वारी लगोलग रस्त्यावर निघण्याची भाषा करू लागते. या साऱ्या सोहळ्यात मागच्या चाकाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक गाडी पुढे ढकलते ते चाक, बसणाऱ्याचा बहुतेक भार वाहते ते चाक, आणि आपल्याकडे पुष्कळ स्वार ब्रेक म्हणून फक्त ज्यावर पाय ठेवतात तेही हेच चाक. पण त्याला चमक नाही आणि आवाज नाही. मग त्याचे कौतुक कोण करणार?

वर्षभर या सदरात आपण पाण्याचे पंप उघडले, शिवणयंत्रे उघडली, एकदा तर देवळातली घंटादेखील खाली उतरवली. दिवाळी अंकासाठी एखादे हलकेफुलके यंत्र घ्यावे, असा संपादकांचा निरोप होता. दीडशे किलोंहून अधिक वजनाच्या बुलेटला हलकेफुलके म्हणता येईल की नाही, ते वाचकांनीच ठरवावे.

गाडी माझ्या मामांची. १९६३ सालची, साडेतीनशेची, मद्रासच्या कारखान्यातली. ही बुलेट मुळातली इंग्लंडातली. रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्डची. मद्रासच्या मंडळींनी १९५५ साली तिच्याशी भागीदारी करून ‘एन्फिल्ड इंडिया’ काढली आणि गाडी इकडे जुळू लागली, पुढे पुरतीच इकडे बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला; मद्रासची गाडी मात्र चालत राहिली. त्यामुळे साठ वर्षांच्या बुलेटचे सुटे भाग आजही मिळतात. ही सोय आहे आणि हाच तिचा शापही आहे, ते पुढे येईलच.

मामांचे गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमापासून फार लांब नाही. मामांनी २००९ साली गाडी चालवणे सोडले. सोडले म्हणण्यापेक्षा त्यांना सोडायला लावले. वय एकाहत्तर. गाडी हातात राहत नाही, वळणावर झोल खाते, सरळ रस्त्यावरही मागून कोणीतरी ढकलल्यासारखी सरकते, असे ते स्वतःच सांगत. दोनदा पडले. दुसऱ्या खेपेला मनगट मोडले, तेव्हा मामेभावाने किल्ली काढून कपाटात ठेवली. “आबा, आता तुमचा हात राहिला नाही,” असे तो म्हणाला. मुलाने बापाला असे म्हणावे की म्हणू नये, याचा निकाल मी देत नाही. पोरांच्या जागी कोणीही तेच केले असते. मामा मात्र शेवटपर्यंत एकच सांगत राहिले, “हात ठीक आहे रे, चाक हलतंय.” २०१६ साली ते गेले. गाडी गोठ्यात होती तिथेच राहिली. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला आणि गाडी तीन दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा पाणी एक्सलपर्यंत येऊन परत गेले. भंगारवाला दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेला. मामींनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले.

यंदा मामांच्या नातवाने मनावर घेतले. पोरगा डिप्लोमाला आहे, हाताने चलाख आहे. त्याने इंजिन खोलले, गाळ काढला, कार्ब्युरेटर धुतला, नवे पॉइंट बसवले, आणि गणपतीच्या सुमारास गाडी सुरू केली. मला फोन आला, “काका, दिवाळीला गाडी घेऊन कोल्हापूरला येतो!”

“मागचं चाक खोललंस का?” मी विचारले.

“चाकाला काय झालंय? फिरतंय की.”

त्या रविवारी मी एसटीने गावी गेलो.

पहिली तपासणी कोणालाही करता येते, तिला हत्यार लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, मागच्या चाकाला वर आणि खाली धरून आडवे हलवावे. धड चाक जागचे हलत नाही. आमचे चाक टक टक बोलले. दुसरी तपासणी ब्रेकची. एकाने पायब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने टायर पुढे-मागे फिरवून पाहायचा. त्यात चाक दोन बोटे फिरले. नातवाचा चेहरा जरा उतरला. तिसरी तपासणी टायरची. टायरच्या कुशीवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर १४०६ होते, म्हणजे २००६ सालचा चौदावा आठवडा. नक्षी नव्यासारखी होती आणि रबर वाळलेल्या चपलेसारखे. नक्षी पाहून टायर निवडणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा तो आकडा वाचावा.

मग चाक काढले. आता चेनकडे वळू, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण लोखंड काही ताणत नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि तिच्याभोवती बुश. ही जोडी एकमेकींना झिजवते. एका सांध्यातली झीज डोळ्याला दिसत नाही, पण अशा शंभराच्या आसपास सांध्यांची बेरीज झाली की चेन लोंबू लागते. बुलेटच्या मागच्या चेनच्या दोन पिनांतले अंतर पाच अष्टमांश इंच. म्हणजे नवी चेन ताठ धरून चोवीस कड्या मोजल्या तर बरोबर पंधरा इंच भरल्या पाहिजेत. शंभरात दोनपर्यंत वाढ चालवून घेतात, म्हणजे पंधरा इंच आणि वर तीन दशांश. आमची भरली साडेपंधरा. मी ती नातवाच्या हातात आडवी धरायला दिली. धड चेन थोडीशीच झुकते, ही धनुष्यासारखी वाकली.

अशी चेन ज्या दात्यांवर फिरते ते दातेही शहाणे राहत नाहीत. कड्यांचे अंतर वाढले, दात्यांचे तेच राहिले; मग कडी दात्याच्या बुडाशी न बसता वर चढते आणि त्याला एका बाजूने खात जाते. सरळ उभा दाता विळ्यासारखा वळतो. गावच्या मिस्त्रीच्या भाषेत ‘चेन-सॉकेट गेलं’. सॉकेट नव्हे, स्प्रॉकेट, हे मी तीस वर्षे आयटीआयच्या पोरांना सांगितले आणि तीस वर्षे त्यांनी ते ऐकून सोडून दिले. असो. चेन, मागचे स्प्रॉकेट आणि पुढचे स्प्रॉकेट ही तिन्ही एकदमच बदलावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली तर ती काही महिन्यांतच जुन्या चेनच्या वळणावर जाते. बुलेटच्या पुढच्या स्प्रॉकेटचा मार्ग क्लचमधून आहे. डावीकडचे केस उघडा, क्लच काढा, तेव्हा ते दिसते. म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते ‘चांगलं आहे’ असे न पाहताच सांगितले जाते.

मागच्या स्प्रॉकेटची अडचण वेगळीच. या गाडीत ते सुटे मिळत नाही. ब्रेकचा ड्रम आणि त्याच्या कडेचे अडतीस दाते असा एकच तुकडा असतो. दाते गेले म्हणजे ड्रमही गेला. जाणकार लेथवर जुने दाते उतरवून तिथे नवे कडे बसवतात आणि मूळचा ड्रम वाचवतात. माझाही जीव त्यात होता. मामांचा ड्रम, ६३ सालचे लोखंड! तो घेऊन मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या जुन्या टर्नरकडे गेलो. त्याने तो लेथवर धरला, आतून मापला, बाहेरून मापला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “मास्तर, ह्यो दोनदा आतनं घासलाय. भिंत ऱ्हायली न्हाई. कडं बसवीन मी, पर उद्या घाटात तापला तर मला शिव्या घालू नका.”

ड्रम बाजूला ठेवला. जुन्या वस्तूवर प्रेम करावे, पण ब्रेकच्या ड्रमवर करू नये.

नवा ड्रम बाजारात मिळाला, स्वस्तही होता. दुकानदाराचे नाव सांगत नाही. लेथवर लावून घड्याळी गेज धरले तेव्हा काटा नाचू लागला. ड्रमचे तोंड गोलच नव्हते. असा ड्रम बसवला की ब्रेक लावताना पायाखाली धक्के बसतात आणि चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली राहते. सुटे भाग सहज मिळण्याचा शाप म्हणालो तो हाच. मिळते ते सगळे भाग असतातच असे नाही. बदलून दुसरा आणला, तो गोल निघाला. घेणाऱ्याने लेथ सोबत नेता येत नाही हे खरे, पण दोन ड्रम समोरासमोर ठेवून त्यातला जड आणि नितळ उचलायला कोणी मना करत नाही.

आता ती दोन बोटांची फिरकी. बुलेटच्या मागच्या हबात रबराचे सहा ठोकळे असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. ड्रमच्या पाठीवर तीन पाती असतात, ती या जोड्यांच्या मधोमध घुसतात. इंजिनाचा जोर चेनवरून ड्रमला, ड्रमवरून रबरांना आणि रबरांवरून चाकाला. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर हे इंजिन एका सिलिंडरचे. मिनिटाला २,४०० फेऱ्या धरल्या तर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे त्यात सेकंदाला वीस स्फोट होतात, म्हणजे चेनला सेकंदाला वीस हिसके. ते रबरांनी गिळायचे. आमच्या हबातून निघाले ते काळे चुरमुरे आणि दोन चपट्या वड्या. म्हणजे लोखंडाची पाती लोखंडावरच आपटत होती. थ्रॉटल पिळला की धक्का, सोडला की धक्का. ‘मागून कोणीतरी ढकलतंय’ असे मामा म्हणत ते हेच.

नवी रबरे घालताना ती आत जात नाहीत म्हणून ग्रीस चोपडू नये. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. साबणाचे पाणी लावावे, दाबावे आणि वाळू द्यावे. आणखी एक, ड्रममधली लायनरची पूड तोंडाने फुंकून कधी उडवू नये. जुन्या लायनरांत ॲसबेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसावे, फडके टाकून द्यावे. आमच्या पिढीतल्या मिस्त्र्यांनी ही पूड आयुष्यभर फुंकली. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

शेवटी बेअरिंगे. हबात दोन असतात, एक या अंगाला, एक त्या. पुराच्या गाळाने ती खाल्ली असणार असा सर्वांचा अंदाज होता, आणि ती गंजलेली होतीच. पण बेअरिंगे ठोकून बाहेर काढली, हब रॉकेलने धुतला, आणि मी आत बोट घातले तर आत काहीच नव्हते. नळी नव्हती.

ही नळी म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. दोन बेअरिंगांच्या मध्ये, एक्सलभोवती बसणारा पोलादी पाइपचा तुकडा. पण तिचे काम मोठे. एक्सलचा नट आवळला की दोन्हीकडचा दाब बेअरिंगांच्या आतल्या कड्यांवर येतो. मध्ये नळी असली तर तो दाब नळी झेलते, आणि बेअरिंग मोकळे फिरते. नळी नसली तर आतली कडी एकमेकींकडे ओढली जातात, गोळ्या बाजूने चिरडतात, चाक जड फिरते आणि बेअरिंग तापून लवकर मरते. मग चाक मोकळे फिरावे म्हणून माणूस काय करतो? नट थोडा ढिला ठेवतो. आणि नट ढिला राहिला की चाक आपल्या जागी घट्ट राहत नाही. वळणावर एकीकडे कलते, ब्रेक लावला की दुसरीकडे.

जुन्या बेअरिंगांवर ते सारे लिहिलेले होते. पुराचा गंज सगळीकडे सारखा पसरतो. इथे गोळ्यांच्या वाटेवर, फक्त एका कडेला, घासून घासून पडलेली खोल चरी होती. उभ्या गाडीत अशी चरी पडत नाही. ती पडायला गाडी हजारो किलोमीटर चालावी लागते. म्हणजे नळी पुरात गेली नव्हती. मामा गाडी चालवत होते तेव्हाच, कुठल्याशा दुरुस्तीत, कोणीतरी चाक खोलले होते आणि नळी परत न घालता ते बंद केले होते.

मी मामेभावाला हाक मारली. तो उंबऱ्यावर बसून सगळे पाहत होताच. मी बेअरिंगचे कडे त्याच्या हातात दिले आणि चरी दाखवली. त्याने ते बराच वेळ उजेडाकडे फिरवले.

“म्हणजे आबा सांगत होते ते बरोबर होतं?”

“चाक हलत होतं, एवढं मी लिहून देतो,” मी म्हणालो. “हाताचं मला सांगता येणार नाही. एकाहत्तराव्या वर्षी हातही पहिल्यासारखा नसतो. पण या चाकावर मीसुद्धा पडलो असतो.”

मामी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, कडे हातात घेतले, आणि माझ्याऐवजी नातवालाच म्हणाल्या, “तुझ्या आजोबानं हे मला दहादा सांगितलं. मला काय कळतंय त्यातलं? मी आपली हूं हूं करायची.” मग मामेभावाकडे वळून म्हणाल्या, “तू मनाला लावून घेऊ नको. पडलेच होते ना ते.” आणि चहा टाकायला आत गेल्या. मामेभाऊ त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र नवे बेअरिंग आणायला तोच जयसिंगपूरला गेला.

नळी टर्नरकडे करून घेतली. बाजारात मिळते, पण आमच्या हबाच्या बैठकी पूर्वी कोणी तरी ठोकून खराब केल्या होत्या, म्हणून दोन्ही बैठकींतले अंतर मापून त्याला नेमकी बसेल अशी. तिची दोन्ही तोंडे एकमेकांना समांतर हवीत, नाही तर केले-सवरले पाण्यात. बेअरिंग बसवताना ठोका नेहमी बाहेरच्या कड्यावर. हबात घट्ट बसते ते बाहेरचे कडे. आतल्यावर ठोकले तर सगळा मार गोळ्यांवर येतो आणि नवे बेअरिंग बसण्याआधीच जुने होते. जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कडे यासाठी उत्तम हत्यार, फुकटचे.

आऱ्यांचे फार सांगत नाही. पाण्याने त्यांची बुडे खाल्ली होती, सगळे नवे घातले. चाकाचा आउट काढायला गावातला सायकलवाला बोलावला. त्याने फोर्कला खडू टेकवून चाक फिरवत, जिथे खडू लागेल तिथला आरा आवळत-सोडत, तासाभरात चाक मिलिमीटरच्या आत आणून दिले. ही विद्या पुस्तकात नाही.

गाडी जोडली तेव्हा चेन आवळण्याचे काम नातवाने केले. बुलेटला एक्सलच्या दोन्ही टोकांना गोगलगायीच्या शंखासारख्या खाचांच्या चकत्या असतात. दोन्हीकडे सारखी खाच ठेवली की चाक सरळ, असे छापील पुस्तक सांगते. साठ वर्षांच्या गाडीत मी पुस्तकापेक्षा दोऱ्यावर विश्वास ठेवतो. मागच्या टायरला दोरा लावून पुढच्या टायरपर्यंत ताणावा; दोन्ही टायर एकाच रुंदीचे आहेत, दोऱ्याने चारही ठिकाणी शिवले पाहिजे. आमच्याकडे एका अंगाला अर्ध्या खाचेचा फरक निघाला. चेनची ढिलाई माणूस बसवून, चाक फिरवून, सगळ्यांत ताठ जागी पाहावी. आणि जोडकडीच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. उलटे बसले तर क्लिप वाटेत निसटते आणि चेन तुमच्या आधी घरी पोचते.

पहिली फेरी मामेभावाने मारली. नातू रुसला, पण बोलला नाही. गाडी नरसोबाच्या वाडीच्या रस्त्याने गेली, अर्ध्या तासाने परत आली. त्याने ती स्टँडवर घेतली, वाकून मागचा हब हाताने चाचपला. कोमट होता, तापलेला नव्हता. मग किल्ली काढून पोराच्या हातात दिली.

दोनशे किलोमीटर झाल्यावर आरे आणि चेन पुन्हा पाहिली. आरे तीन ठिकाणी आवळले, चेन एक खाच ओढली. नवी चेन आधी थोडी बसते, मग स्थिर होते. आता पुढच्या ब्रेकचे लायनर आणि स्विंग आर्मचे बुश राहिले आहेत. ते होईपर्यंत गाडी पन्नासच्या वर न्यायची नाही आणि कोणाला मागे बसवायचे नाही, असे पोराशी ठरले आहे. बुश तुळशीच्या लग्नापर्यंत देतो, असे टर्नर म्हणतो. कुठल्या वर्षीच्या, ते त्याने सांगितलेले नाही.